रुळांतून वाहणारा करंट

खेळण्यातली विजेची आगगाडी रुळाच्या एका टोकाला जोरात धावते आणि पलीकडच्या वळणावर धापा टाकत थांबते. बोटाने ढकलली की पुन्हा चालू. बघणारा आधी इंजिनाला नावं ठेवतो. दोष बहुतेक वेळा रुळांत असतो, आणि हा दोष खेळण्यांपेक्षाही जुना आहे.

मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात मी मुलांना नेतो, तेव्हा हे सांगायला सोपं जातं. छोट्या लाइनची वाफेची इंजिनं आपला जाळ पोटात घेऊन फिरायची. विजेच्या गाडीचा जाळ मात्र दूर कुठेतरी असतो. तो तिच्यापर्यंत पोहोचवायचा कसा? १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर सीमेन्स यांनी दोन रुळांच्या मध्ये तिसरी पट्टी टाकली. १८८१ मध्ये लिश्टरफेल्डे इथे त्यांनी ट्राम सुरू केली, तेव्हा मधली पट्टी काढून टाकली. एका रुळातून करंट यायचा, दुसऱ्यातून परत जायचा, दाब सुमारे १८० व्होल्ट. फाटकावर रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसू लागले. शेवटी तारा डोक्यावर न्याव्या लागल्या. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या वरच्या तारेवर. पण परतीची वाट आजही रुळांतूनच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

खेळण्यांनी हाच प्रवास उलटा केला. हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये आली ती तीन रुळांची, १२ व्होल्टची. तिसरा रूळ दिसायला कुरूप, पण त्याचा एक फायदा होता. लाइन गोल फिरवून पुन्हा स्वतःलाच जोडली तरी शॉर्ट व्हायचा नाही. दोन रुळांत मात्र डावा रूळ वळून उजव्याला भेटतो आणि काम तमाम. १९५९ मध्ये याच कंपनीने दोन रूळ स्वीकारले, कारण लोकांना खऱ्यासारखं दिसणारं हवं होतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गेलात तर गाड्यांइतकंच सांध्यांकडेही बघा.

कारण खरी गोम सांध्यात आहे. रुळाचे तुकडे पातळ पत्र्याच्या जोडणीने जोडलेले असतात. तिच्यावर गंज, धूळ, तेल बसतं; प्रत्येक सांधा थोडे थोडे व्होल्ट खातो. आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी अशी लाइन मांडली होती. मल्टीमीटर लावला तर लांबच्या टोकालाही १२ व्होल्ट! मुलं चक्रावली. गाडी उचलून मोजलं होतं ना, म्हणून. करंट वाहतच नसेल तर सांधा काही खात नाही. गाडी रुळावर धरून पुन्हा मोजायला सांगितलं, तेव्हा आकडा ७ वर आला.

उर्दूत याला मुज़ाहमत म्हणतात, मराठीत रोध. दोन्ही शब्द मुलांना पाठ होते, दोन्ही परीक्षेपुरते. त्या दुपारी सात व्होल्ट बघून एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे मुज़ाहमत रुळात नाही, जोडात आहे?" वीस वर्षं शिकवतोय, असा प्रश्न रोज येत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान जमत नाही असं मानणाऱ्यांनी तो ऐकायला हवा होता.

उपाय स्वस्त आहे. रुळाचा माथा आणि चाकं स्पिरिटच्या फडक्याने पुसायची. मग एलिमिनेटरपासून दोन जाड तारा फळीखालून फिरवायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी बारीक तार सोल्डर करायची. सांध्यावर भरवसाच ठेवायचा नाही. मोठ्या रेल्वेतही परतीच्या करंटसाठी सांधा ओलांडणारी तांब्याची तार लावण्याची रीत याचसाठी पडली.

मुलांना आता गोल फिरून परतणारी लाइन करायची आहे. शॉर्टचं काय, विचारलं तर म्हणाली, वळणाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रुळांत फट ठेवू आणि मधल्या भागाला उलटसुलट करणारा वेगळा स्विच देऊ. स्विच कोण आणणार यावर सध्या भांडण चालू आहे.