आरेस : एका नांवाची कुळकथा

युद्धास देवत्व देणारे समाज पुष्कळ झाले. परंतु आपल्याच युद्धदेवाचा तिरस्कार करणारा समाज क्वचितच आढळतो. प्राचीन ग्रीक लोक या दुर्मिळ वर्गांत मोडतात. त्यांचा युद्धदेव आरेस हा देवराज झ्यूस व त्याची राणी हेरा यांचा औरस पुत्र. ऑलिंपस पर्वतावरील बारा प्रमुख देवांत त्याची गणना. असें असूनही होमरच्या 'इलियड' महाकाव्यांत प्रत्यक्ष पित्यानेंच त्याला सर्व देवांत अधिक तिरस्करणीय ठरविलें आहे. ज्या समाजाचें सर्वश्रेष्ठ काव्य युद्धाचें, ज्याच्या नगरराज्यांचीं आपसांतील वैरें पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिलीं, त्यानें युद्धाच्या देवालाच असें दाराबाहेर कां उभें करावें? या प्रश्नाचें उत्तर त्या देवाच्या कथांपेक्षां त्याच्या नांवांत अधिक सांपडतें, असें मला वाटतें; म्हणून त्या नांवाचा मागोवा घेण्याचें येथें योजिलें आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडील सुशिक्षितांस हा देव इंग्रजी वाङ्मयाच्या द्वारें, आणि तोही बहुधा 'मार्स' या रोमन नांवानें, परिचित झालेला असतो. पण मार्स व आरेस हे मुळांत एक नव्हत. मार्स हा रोम नगराचा संस्थापक रोम्युलस याचा पिता, म्हणजे साऱ्या रोमन लोकांचा मूळपुरुष. वसंतारंभींचा मार्च महिना त्याच्या नांवाचा. थोरल्या केटोनें आपल्या शेतीविषयक ग्रंथांत शेताच्या शुद्धीचा जो विधि दिला आहे, त्यांत पिकांच्या व गुराढोरांच्या रक्षणासाठीं याच देवास आळविलें आहे. रोमन मनुष्य मार्सकडे कुलस्वामीच्या भावनेनें पाही. थीब्झच्या राजकुळासारखीं कांहीं उदाहरणें सोडलीं, तर ग्रीकांनीं आरेसशीं असें नातें सहसा जोडलें नाहीं. उलट त्याचें घर दूर उत्तरेस, थ्रेसच्या रानटी मुलखांत आहे, असें ते सांगत. पुढें रोमन कवींनीं ग्रीक कथा उचलल्या, तेव्हां दोघांचीं चरित्रें एकमेकांत मिसळलीं आणि मार्सच्या भारदस्तपणाखालीं आरेसचा मूळ चेहरा झांकून गेला.

आतां नांवाकडे वळूं. या नांवाच्या अर्थाविषयीं ग्रीकांत स्वतःतच एकमत नव्हतें, आणि त्यांनीं केलेल्या व्युत्पत्ति शब्दाच्या मुळापेक्षां करणारांच्या मनावर अधिक प्रकाश टाकतात. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' नामक संवादांत सॉक्रेटीस देवांच्या नांवांचे अर्थ लावीत लावीत आरेसपाशीं येतो, आणि 'आर्रेन' म्हणजे पुरुष, मर्द, किंवा 'आर्रातोस' म्हणजे न मोडणारा, कठोर, या शब्दांतून तें नांव निघालें असावें असें सुचवितो. त्या संवादांतील पुष्कळशा व्युत्पत्ति अर्ध्या थट्टेनें सांगितलेल्या आहेत, हें मात्र ध्यानांत ठेवावें. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील स्टोइक तत्त्ववेत्ता क्रायसिपस यानें निराळीच दिशा धरली. 'आनाइरेइन' म्हणजे नाहींसें करणें, ठार करणें, या क्रियापदाशीं त्यानें आरेसचा संबंध जोडला. एकाला त्या नांवांत पौरुष दिसलें, दुसऱ्याला संहार.

आधुनिक पंडितांपैकीं पुष्कळांचा कल तिसऱ्याच एका शब्दाकडे आहे. जुन्या ग्रीक भाषेंत 'आरे' असा शब्द असून त्याचा अर्थ नाश, अनर्थ, अरिष्ट असा आहे. होमरच्या काव्यांत तो येतो. युद्धदेवाचें नांव याच शब्दाचें सगोत्र असावें, असें हे पंडित म्हणतात. आपल्याकडील अभ्यासकास येथें संस्कृत 'अरि' शब्दाची आठवण होणें स्वाभाविक आहे. पण नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवूं गेल्यास व्युत्पत्तिशास्त्राचा शब्दखेळ होतो, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

व्युत्पत्तीपेक्षां प्रयोग अधिक बोलका असतो. होमर 'आरेस' हें नांव कधीं देवासाठीं वापरतो, तर कधीं त्याच शब्दाचा अर्थ नुसता युद्ध किंवा रणावेश एवढाच असतो. एके ठिकाणीं आरेस सशरीर रणांगणावर लढतो. दुसऱ्या ठिकाणीं हेक्टर नवें चिलखत अंगावर चढवितो आणि आरेस त्याच्या अंगांत शिरतो. प्राचीन ग्रीक लेखनांत विशेषनामाचें पहिलें अक्षर निराळें काढण्याची चाल नव्हती. त्यामुळें आजच्या संपादकास जागोजाग थांबून ठरवावें लागतें कीं, येथें देव समजावयाचा कीं लढाई. आपल्या देवनागरींत तीं काव्यें लिहावयाचीं झाल्यास ही अडचण आपोआप टळेल. आणि खरें पाहतां होमरच्या श्रोत्यांसही ती कधीं भासली नसावी. देव आणि घडणारी गोष्ट यांच्यामध्यें त्यांनीं भिंतच घातलेली नव्हती.

हें लक्षांत घेतलें म्हणजे 'इलियड'मधील एक चमत्कारिक गोष्ट उलगडते. युद्धाचा देव युद्धांत वारंवार हरतो. पांचव्या सर्गांत डायोमिडीस हा मर्त्य वीर अथीनेच्या साहाय्यानें त्याला भाल्यानें जखमी करतो. नऊ-दहा हजार माणसांनीं एकदम आरोळी ठोकावी तसा ओरडत तो ऑलिंपसवर पळतो आणि बापापाशीं गाऱ्हाणें सांगतो. त्याच सर्गांत अशीही कथा येते कीं, दोघा राक्षसी भावांनीं त्याला पितळी रांजणांत तेरा महिने कोंडून ठेविलें होतें. एकविसाव्या सर्गांत अथीना त्याला धोंडा मारून आडवा पाडते. ही अथीनाही युद्धदेवताच. परंतु नगराचें रक्षण, व्यूहरचना आणि विवेक हीं तिचीं अंगें. युद्धांत जें कांहीं गौरवास्पद असेल, तें सारें ग्रीकांनीं तिच्या पदरीं घातलें. उरला तो रक्तपात, किंकाळी व बेभानपणा, आणि त्याचें नांव आरेस. विवेकापुढें बेभानपणा हरावा, हा त्या कथांचा आशय आहे.

मग आरेस हा खरा देव, कीं देवाचा मुखवटा चढविलेलें एक भाववाचक नाम? हा वाद जुना आहे. प्लूटार्कनें क्रायसिपसच्या वरील व्युत्पत्तीवर हरकत घेतली ती याच मुद्द्यावर. आरेस म्हणजे आपल्यांतील भांडखोरपणा, अफ्रोडायटी म्हणजे आपली वासना, असें एकदां म्हटलें कीं देव म्हणून कांहीं शिल्लकच राहत नाहीं, असें त्याचें म्हणणें. या वादांत १९५२ सालीं एका नव्या साक्षीदाराची भर पडली. मायकेल व्हेंट्रिस यानें 'लिनिअर बी' या लिपीचा उलगडा केला, आणि क्रीट बेटांतील क्नोसॉस येथील मातीच्या पाट्या वाचतां येऊं लागल्या. होमरहून कित्येक शतकें जुन्या असलेल्या त्या पाट्यांत अथीना व पोसायडन यांच्या पंक्तीला 'एनुवारियो' असें नांव निघालें. हाच होमरचा 'एन्यालिओस'. होमर तें आरेसचें बिरुद म्हणून योजतो. पण त्या जुन्या काळीं तो स्वतंत्र देव असावा असें दिसतें. 'अ-रे' अशीं अक्षरेंही त्या पाट्यांत आढळलीं असून तीं आरेसचींच असावींत, असें मानतात. म्हणजे कवींच्या हातीं पडण्यापूर्वींच या नांवाला नैवेद्य मिळूं लागला होता.

त्या पूजेचें स्वरूप दाखविणारा एक सुंदर लेख अथेन्सजवळच्या अकार्नी या गांवीं १९३२ सालीं सांपडला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील या शिळेवर अथेन्सच्या तरुणांनीं हातीं शस्त्र घेतांना घ्यावयाची शपथ कोरलेली आहे, आणि ती शिळा आरेस व अथीना यांच्या पुजाऱ्यानें अर्पण केलेली आहे. शपथेस साक्षी म्हणून ज्या देवता आहेत, त्यांत एन्यालिओस व आरेस हे निरनिराळे मोजलेले आहेत. पण त्याहून विचार करण्यासारखा आहे तो त्या यादीचा शेवट. देवांचीं नांवें संपल्यावर मायभूमीच्या सीमा, गहूं, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह व अंजीर यांना साक्षी ठेविलें आहे. ख्रिस्तपूर्व ४३१ मध्यें स्पार्टाच्या सैन्यानें ॲटिकावर स्वारी केली, तेव्हां त्यानें तळ दिला तो याच अकार्नीच्या शिवारांत. आणि तेथील शेतें त्यानें उजाड केलीं. अशा गांवच्या पुजाऱ्याला आरेसचें नांव व जळणारें पीक यांचा संबंध कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अथेन्सच्या नाटककारांनीं हाच धागा पुढें नेला. ख्रिस्तपूर्व ४५८ मध्यें रंगभूमीवर आलेल्या 'अगमेम्नॉन' नाटकांत इस्किलसनें आरेसला सराफ केलें आहे. मात्र या सराफाच्या तराजूंत सोन्याऐवजीं माणसें घातलीं जातात. घरून धडधाकट पुरुष जातो आणि मोबदल्यांत राखेनें भरलेला कलश परत येतो. सॉफोक्लीझनें तर 'ईडिपस राजा' या नाटकांत ढालतलवारीवांचून नगर जाळीत सुटलेल्या महामारीलाच आरेस म्हटलें आहे. तेथें युद्धाचा मागमूसही नाहीं. उरला आहे तो केवळ 'आरे', म्हणजे अनर्थ. शब्दाचा जुना अर्थ असा शतकांनंतर पुन्हा वर आला.

त्याच नगरांत या देवाच्या नांवानें एक टेकडी होती व आजही आहे: 'आरेइओस पागोस', इंग्रजी वाचकांची 'ॲरिओपॅगस'. समुद्रदेव पोसायडन याच्या पुत्रानें आरेसच्या कन्येवर बळजबरी केली, म्हणून आरेसनें त्याला ठार केलें. तेव्हां देवांनीं या टेकडीवर न्यायसभा भरवून आरेसला निर्दोष सोडलें, अशी कथा आहे. 'आराइ' म्हणजे शाप, त्यांची ही टेकडी, असाही एक अर्थ लावण्यांत येतो. ख्रिस्तपूर्व ४६२ च्या सुमारास एफिआल्टीस या पुढाऱ्यानें तेथील सभेचे राजकीय अधिकार काढून घेतले, तरी बुद्धिपुरस्सर केलेल्या खुनाचा न्याय तिच्याकडेच राहिला. आणि आधुनिक ग्रीस देशाचें सर्वोच्च न्यायालय आजही तेंच नांव धारण करतें. संहाराच्या नांवाखालीं न्यायासन मांडणें हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. पण रक्ताचा बदला रक्तानें घेण्याची परंपरा जेथें थांबवावयाची, तेथें त्या रक्ताचें खरें नांव डोळ्यांपुढें असणें हेंच योग्य, असें अथेन्सवासीयांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

या टेकडीपाशींच एक उलट उदाहरणही आहे. तिच्या पायथ्याशीं सूड उगवणाऱ्या भयंकर देवतांचें स्थान होतें. पण त्यांचें खरें नांव घेण्यास लोक भीत, व त्यांना 'पूज्य देवी', 'कृपाळू देवी' असें म्हणत. आपल्याला ही रीत अपरिचित नाहीं. बांगडी फुटली तरी आपण ती 'वाढली' म्हणतों. ज्या रोगानें हजारों मुलें नेलीं, त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'देवी' म्हणत आलों. ग्रीकांनाही ही मधुरवाणी चांगली येत होती. आरेसच्या बाबतींत मात्र त्यांनीं ती सहसा वापरली नाहीं.

येथून हें नांव आकाशांत गेलें, आणि तेथून आपल्या देशांत आलें. बाबिलोनी ज्योतिषी तांबड्या ग्रहाचा संबंध नेर्गाल या युद्ध व महामारीच्या देवाशीं जोडीत. ग्रीकांनीं त्या जागीं आरेस बसविला. वृश्चिक राशींतील आपल्या ज्येष्ठा नक्षत्राचा तांबडा तारा याच आरेसशीं रंगांत स्पर्धा करतो, म्हणून त्याला त्यांनीं 'अँटारेस' म्हटलें. पुढें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत यवनांचें फलज्योतिष भारतांत आलें. 'केंद्र' हा आपला नित्याचा शब्द त्याच वाटेनें आलेला. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या 'बृहज्जातक' ग्रंथांत सूर्यास 'हेलि', शनीस 'कोण', शुक्रास 'आस्फुजित्' अशीं जीं ग्रीक वळणाचीं नांवें दिलीं आहेत, त्यांतच मंगळाचें नांव 'आर' असें आहे. होमरचा आरेस असा संस्कृत श्लोकांत येऊन बसला! परंतु लोकांच्या तोंडीं तें नांव रुळलें नाहीं. ज्या ग्रहास आपले ज्योतिषी क्रूर म्हणतात, जो पत्रिकेंत पाहून वधूवरांचे पालक धास्तावतात, त्याला आपण म्हणतों 'मंगळ'. या शुभनामामागें तीच मधुरवाणी असावी, असें मानावयास जागा आहे. पाश्चात्यांनीं मात्र जुना धागा सोडला नाहीं: १८७७ सालीं असाफ हॉल यानें या ग्रहाचे दोन उपग्रह शोधले, त्यांना 'इलियड'मधील आरेसच्या सोबत्यांचीं नांवें मिळालीं, फोबोस व डायमोस, म्हणजे भय व दहशत.

खरें नांव घेतल्यानें ग्रीकांचीं युद्धें थांबलीं, असें मात्र कोणी समजूं नये. ख्रिस्तपूर्व ४१६ मध्यें अथेन्सनें मेलोस बेट घेतलें, तेथील हातीं लागलेले प्रौढ पुरुष मारले व बायकामुलांना गुलाम करून विकलें. इस्किलसचा सराफ रंगभूमीवर पाहिलेल्या नगरानेंच हें केलें. नांवाचा उपयोग इतकाच कीं, नंतर त्या कृत्याला दुसरें कांहीं म्हणण्याची सोय राहत नाहीं.

होमरच्या नांवावर मोडणाऱ्या स्तोत्रसंग्रहांत आरेसचें एक स्तोत्र आहे. तें होमरचें तर नव्हेच, पण फार उत्तरकालीन आहे. त्यांतील आरेस सात ग्रहांत फिरणारा, आकाशस्थ झालेला आहे. त्या अज्ञात भक्तानें युद्धदेवाजवळ जय मागितला नाहीं, कीं शत्रूचा नाशही मागितला नाहीं. आपल्या मनांतील भ्याडपणा जावा, त्याबरोबर भांडणाकडे ओढणारा संतापही आवरला जावा, आणि शांततेच्या नियमांत टिकून राहण्याइतकें धैर्य मिळावें, एवढेंच त्याचें मागणें आहे. आपण कोणापाशीं मागत आहों, हें त्याला पुरतें ठाऊक होतें.