'बहिष्कृत भारत' आणि आमचा जिल्हा

उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकविताना महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही एका तासात उरकतो. २० मार्च १९२७ ही तारीख मुले पाठ करतात. त्यानंतर चौदाच दिवसांनी, ३ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढले, हे मात्र सांगायचे राहून जाते.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. हे त्यांचे पहिले पत्र नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने 'मूकनायक' निघाले होते. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ते बंद पडले.

या दुसऱ्या वेळी ते स्वतःच संपादक होते. वकिली, कौन्सिल, सभा सांभाळून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहीत, तेही विनामोबदला. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्यांनी समाजाला स्पष्टच विचारले, की या पत्राचे ऋण तुमच्यावर नाही काय? पण ते फेडणार कोण? ज्यांच्यासाठी पत्र होते त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांच्या हाती वर्गणीपुरता पैसा क्वचितच असे. लेखणी थकली म्हणून हे पत्र मेले नाही, एवढे आम्ही खात्रीने म्हणतो.

१३ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. त्या मुक्कामात खोतीविरुद्धही आवाज उठला. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करणारा, आणि कुळांकडून वेठ घेणाराही. खोतांत आमच्या मुसलमान समाजातलेही होते, ते झाकून काय उपयोग? पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. पण चिपळूणनंतर सातच महिन्यांनी, १५ नोव्हेंबर १९२९ ला, 'बहिष्कृत भारत'चा शेवटचा अंक निघाला. आमच्या कुळांचे गाऱ्हाणे वेशीवर आले आणि ते छापणारे पत्र गेले. १९३० मध्ये 'जनता' निघाले, तोवर एक वर्ष लोटले.

१९९० मध्ये राज्य शासनाने हे अंक ग्रंथरूपाने काढले. तो जाडजूड ग्रंथ आम्ही एकदा वर्गात नेला. चिपळूणच्या परिषदेची हकिकत सांगताना खोत आडनावाच्या एका मुलाने विचारले, "सर, आमचे पणजोबा तेव्हा कोणाच्या बाजूला होते?"

आम्ही त्याला तारीख लिहून दिली आणि घरी विचारायला सांगितले.