सांडपाण्याच्या पाईपाला हवा कशी मिळाली

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर बिडाच्या पाईपांची रांग असते. जाड पाईप मैल्याचा, दुसरा मोरीच्या पाण्याचा. त्यांच्या शेजारून एक बारीक पाईप पार गच्चीच्या वर जातो आणि तोंडाला जाळी लावून उघडा सोडलेला असतो. त्यातून पाणी वाहत नाही, म्हणून घराचं काम काढलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. हा व्हेंटचा पाईप. बाथरूमच्या कामात माणसाला सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट हीच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचीही.

ढाळ फार आधी कळला होता. मोहेंजोदडोच्या घरांत सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी न्हाणीची विटांची जमीन एका कोपऱ्याकडे उतरती केलेली होती. पाणी तिथून गल्लीतल्या गटारात जाई. पण ज्या वाटेनं पाणी बाहेर जातं, त्याच वाटेनं गटाराचा वास आत येतो. त्यावरचा तोडगा १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं काढला. शौचकूपाखालचा पाईप त्यानं इंग्रजी एस अक्षरासारखा वळवला. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि तेच बूच होतं. आपल्या नहाणी ट्रॅपचं कामही याच तत्त्वावर चालतं.

पुढं एकोणिसाव्या शतकात लंडनची घरं गटारांना जोडली गेली, तेव्हा या बुचाची परीक्षा झाली. ट्रॅप असूनही वास येई. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड स्कारबरोला एका घरी पाहुणे राहिले आणि विषमज्वरानं मरणाच्या दारात पोचले. त्याच घरी उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल दगावले. ठपका त्या घराच्या मोऱ्यांवर आला. विषमज्वर गटाराच्या वायूनं होतो ही समजूत चुकीची होती. तो दूषित पाण्या-अन्नातून पसरतो. पण त्या भीतीपोटी लोक पाईपांकडे बारकाईनं बघू लागले, हे फार चांगलं झालं. पाईप गळतो का हे पाहायला वरून पेपरमिंटचं तेल ओतत आणि दुसरा माणूस घरात वास घेत फिरे. तेल ओतणाऱ्याला तोवर आत यायची बंदी, कारण त्याच्या कपड्यांचाच वास घरभर पसरला असता.

दोष सापडला तो हवेत. पाईप भरून पाणी खाली धावलं की मागं पोकळी होते, आणि ती ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते. बूच निघालं की वाट मोकळी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं, म्हणून दुसरं भोक हवेसाठी पाडतात. व्हेंट म्हणजे तेच दुसरं भोक. लंडनचे प्लंबर एस. एस. हेलियर यांनी १८७७ मध्ये घरांच्या आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, आणि ट्रॅपना हवा द्या हा आग्रह ते धरत राहिले. हातात अवजार घेऊन काम करणाऱ्या माणसानं हे लिहिलं याचं मला फार मोल वाटतं.

हवेमुळे ढाळाचंही गणित बदललं. जास्त उतार दिला की पाणी लवकर जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचा पाईप स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त उतरला, तर व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याखाली जातं. हवा असून पोचत नाही. उतार कमी पडला तर मैला तळाशी बसतो. मॅग्वायरच्या नावानं चालत आलेला ठोकताळा यासाठीच आहे: ४ इंची पाईपाला ४० फुटांत १ फूट ढाळ, ६ इंचीला ६० फुटांत, ९ इंचीला ९० फुटांत. पाईप मोठा, तसा ढाळ कमी.

हे सारं जुनं झालं असं कुणी समजू नये. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक लोकांना सार्स झाला. तपासात आढळलं, की बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट पंखे पाईपातले दूषित थेंब घरात ओढत होते.

म्हणून जमिनीखालचे पाईप कोब्याखाली झाकले जाण्याआधी स्वतः उभे राहून पाहा. ढाळ लेव्हलनं तपासायला सांगा, पाईपाचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, सांधे कोरडे आहेत का बघा, आणि व्हेंट कुठून वर जाणार ते प्लंबरला विचारा. वापरात नसलेल्या न्हाणीच्या जाळीत मधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा.