शिशाचे ओझे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या शाळेतल्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी खाली आणायची होती. आमच्या शिपाईमामांनी पन्नाशी ओलांडलेली. त्यांनी ती एकट्यानेच पोटाशी धरली, जिना उतरायला घेतला आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर त्यांची कंबर धरली. बॅटरी कलंडली, तेजाब त्यांच्या पायावर सांडले. पोरांनी बादल्याच्या बादल्या पाणी ओतले म्हणून पाय बचावला. मी धावत गेलो, आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "मामा, जरा जपून धरायचं नाही का?"

मामा काही बोलले नाहीत. पण माझ्या त्या वाक्यामागे केवढा जुना इतिहास उभा आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा मी शरमलो.

ही बॅटरी एवढी जड का, तर तिच्या पोटात शिसे आहे. पाण्याच्या अकरा पटींहून जड. १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी बनवली. पुढे १८८१ च्या सुमारास फोर याने त्या पत्र्यांना शिशाच्या भस्माचा लेप दिला, आणि प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यात गेली. हा लेप आपल्या ओळखीचा आहे. आपण परंपरेने ज्याला शेंदूर म्हणतो तो, आणि जुन्या वैद्यांच्या बटव्यातले मुरदाडशिंग. दोन्ही शिशाचीच रूपे. ती गंधकाम्लात कालवून शिशाच्या जाळीत हाताने भरायची. ओला लगदा त्या मानाने बरा. तो वाळला की भुकटी उडते, आणि ती श्वासावाटे माणसाच्या रक्तात जाते.

मग माणूस पांढुरका पडतो. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटते. पोटात असा शूळ उठतो की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. शेवटी मनगट लुळे पडते. हात पुढे केला तर पंजा खाली लोंबतो. यंत्राने बोट तुटले तर रक्त दिसते, पंचनामा होतो. हे मात्र महिनोन्महिने चालते आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे वैद्यांना बजावणारा रामाझिनी हा इटलीतल्या मोदेनाचा. त्याचा कामकऱ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली निघाला. त्यात शिशाची झिलई वापरणाऱ्या कुंभारांचे कापणारे हात आहेत, आणि ओझ्याने वाकलेल्या हमालांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या मामांचे कमरेचे दुखणे तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते म्हणायचे!

इंग्लंडात शिशाच्या विषबाधेची खबर सरकारला देण्याची सक्ती १८९५ साली झाली. १८९८ मध्ये टॉमस लेगे हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. १९०० साली नोंदी भरल्या एक हजाराच्या वर. कारखानदारांचे उत्तर ठरलेले : मजूर हात धूत नाहीत. लेगे यांचा अनुभव वेगळा होता. विष मुख्यत्वे धुळीतून आणि वाफेतून श्वासावाटे जाते. मालकाने आपल्या हातचे सर्व काही केल्याशिवाय मजूर, त्याची कितीही इच्छा असली तरी, स्वतःला वाचवू शकत नाही, असे ते म्हणत. १९०३ साली बॅटरीच्या कारखान्यांना खास नियम लागले. धूळ ओढून घेणारे पंखे आले, महिन्याच्या महिन्याला डॉक्टरी तपासणी आली. घराच्या आतल्या रंगातून शिशाचा सफेदा हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार आपले सरकार मान्य करीत नाही, हे पाहून १९२६ साली लेगे यांनी सरळ राजीनामा दिला. सरकारी नोकरीत असा बाणेदारपणा विरळाच.

अमेरिकेत तर नोंदीही नव्हत्या. तिथे ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरीणबाई १९१० पासून इलिनॉय राज्यात इस्पितळांची दप्तरे चाळीत, औषधविक्यांना आणि पाद्र्यांना विचारीत हिंडल्या. रोगी सापडावा म्हणून गल्लीबोळांत शोध! पुढे बॅटरीच्या कारखान्यांवरही त्यांनी सरकारसाठी अहवाल लिहिला.

आपल्याकडे १८८१ चा कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. यंत्राभोवती कुंपण घाला, सात वर्षांखालचे मूल कामाला लावू नका, अशी कलमे त्यात होती. पण १८८४ साली परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची सभा भरवली, तिच्या मागण्या पाहा. रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच अर्जात हेही होते, की कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. मजूर जपून वागला की नाही, हा प्रश्न त्यांनी मधे येऊच दिला नाही. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये, असे कलम १९४८ च्या कारखाना कायद्यात आले, आणि त्याच कायद्याच्या रोगांच्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते.

शाळा म्हणजे कारखाना नव्हे, हे मला समजते. नवी बॅटरी आली ती आम्ही वर चढवलीच नाही. चाकाच्या गाड्यावरून आणून तळमजल्यावरच, व्हरांड्याच्या कडेला लाकडी चौथऱ्यावर बसवली. याला खर्च आला तो एका दिवसाच्या सुतारकामाचा.

मामा अजून कमरेला पट्टा बांधून येतात. घंटा मात्र तेच देतात. त्या कामाला वाकावे लागत नाही. त्या दिवशीच्या माझ्या वाक्याबद्दल आमचे अद्याप काही बोलणे झालेले नाही.