नदीपार नेलेले मूल

बाघ नदी ओलांडली की गोंदियाचा माणूस बालाघाटात पोचतो. पलीकडे त्याची मावशी नांदते, मुलीची सोयरीकही तिकडचीच असते, आणि आज ती राज्याची सीमा असली तरी १९५६ पूर्वी दोन्ही तीर नागपूरच्याच अमलाखाली होते. तरीसुद्धा १८९०च्या पालक व पाल्य कायद्याच्या सव्विसाव्या कलमाप्रमाणे, न्यायालयाने नेमलेल्या पालकास, विहित कारणे सोडल्यास, त्या न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याला त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नसे; तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते, आणि भंडाऱ्याहून नेमणूक झालेल्या चुलत्याने पोरका पुतण्या नदीपार वस्तीला न्यायचा म्हटले तर हुकूम भंडाऱ्याचाच लागे. जमीनदाऱ्यांच्या या मुलखात अशा कलमाचे लक्ष वारसाच्या मिळकतीकडे अधिक असावे, असे मला वाटते.

आईबाप विभक्त झाले आणि नदीच्या जागी समुद्र आला, तेव्हा मिळकत मागे पडून मूलच पुढे आले. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगनमधून एका पित्याने आपल्या मुलाला, तेथील न्यायालयाने ताबा आईकडे दिलेला असताना, परस्पर पुण्यास आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी त्या मुलाला दोनदा आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी संभाषण केले, स्वतःचे मत बनविण्याइतके त्याचे वय नाही असे त्यांना आढळले, आणि त्याच वर्षी मूल आईकडे परत गेले. १९९७च्या निकालात मात्र जेमतेम पस्तीस दिवसांचे असताना अमेरिकेतून भारतात आलेले, येथेच आईपाशी चौदा वर्षांचे झालेले मूल त्याच न्यायालयाने आईकडेच राहू दिले. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतील. परंतु दोन्हींत शोध एकच होता, तो मुलाची मुळे कोठे रुजली याचा.

२०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या एका मातेस नोकरीनिमित्त नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जाण्याची परवानगी दिली, आणि सुटीत मुलीला भारतात आणून पित्यास भेटविण्याची अट घातली. ही अट मला त्या परवानगीइतकीच मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे दूर गेलेल्या मुलीचा बाप तिला दुरावत नाही.

पळविलेली मुले परत करण्याविषयीचा १९८०चा हेग करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याकडे प्रत्येक मुलाचा विचार स्वतंत्रपणे होतो, आणि त्यात वर्षे जातात. गोंदियाच्या मुलाच्या पालकत्वासाठी अर्ज, त्याच १८९०च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, ते जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. ज्या आईला वा बापाला मुलासह देश सोडावयाचा आहे, त्यांनी तो मुलाला विमानात बसविण्यापूर्वी करावा.