आमच्या गावचा परका राजा

आम्ही रत्नागिरीकर थिबा पॅलेस बघतच वाढलो, पण राजाची कथा फार थोड्यांना ठाऊक. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला. सुरुवातीलाच दरबारात भाऊबंदांची कत्तल झाली. पुढे सागवानतोडीवरून दरबारानं बॉम्बे बर्मा या इंग्रज कंपनीला दंड ठोठावला आणि इंग्रजांना युद्धाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावतीतून फौजेच्या आगबोटी आल्या. पंधरवड्यात राज्य बुडालं. १८८६ पासून राजा इथं नजरकैदेत होता. त्याच्यासाठी बांधलेला १९१० चा हा वाडा जांभ्याचा, उतरत्या छपरांचा. वरून भाट्याची खाडी दिसते. १९१६ मध्ये थिबा इथंच वारला. पॅलेस बघायला याल, तेव्हा गावातल्या त्याच्या समाधीवरही जरूर जा.