सांभाळून, काच आहे!

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्याचं बहुधा लग्न झालेलं नसतं, नाहीतर त्याच्या घराला माळा असतो. आमच्या घराला माळा नाही. जुन्नरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आंबेगाव तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत कारकुनी आणि घरात जुन्या रंगीत काचेचे एकशे सात नग. 'नग' हा शब्द माझा. सौभाग्यवती त्याला 'पसारा' म्हणतात. आमच्या लेजरात एका खात्याला दोन नावं चालत नाहीत, संसारात चालतात.

पूर्वेच्या खिडकीला फळ्या ठोकून हा सगळा ऐवज मांडलेला आहे. निळ्या औषधाच्या बाटल्या, पिवळट हिरवी फुलपात्रं, अत्तराच्या कुप्या, गोटी सोड्याच्या तीन बाटल्या आणि एक जांभळट बरणी. सकाळी ऊन आलं की समोरची भिंत, कॅलेंडर आणि दाढी करत असलेला माझा गाल यांवर एकदम रंगपंचमी होते. नवखा पाहुणा आधी बाटल्यांकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि शेवटी मोठ्या सहानुभूतीने सौभाग्यवतींकडे. एकाने तर निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "आता पूर्ण सुटली ना?"

काचेचं वेड हे साहेबाचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने जरा मागे जावं. दोन हजार वर्षं पुरेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. प्रवासवर्णन कसलं, मालाची यादीच ती! कॉमर्सच्या पदवीधराला डोळ्यांत पाणी आणून वाचावीशी वाटेल अशी. त्यात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं यांच्या रांगेत कच्ची काचही आहे. त्याच पुस्तकात कल्याण बंदराचंही नाव येतं. कल्याणहून घाटावर येण्याची वाट नाणेघाटातून थेट आमच्या जुन्नरला. घाटाच्या तोंडाशी तो जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून बसलेला आहे. आणि जुन्नरच्या लेण्यांत चक्क यवनांनी दिलेल्या देणग्या कोरलेल्या आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. आजच्या देणगीदाराप्रमाणे नाव मात्र दोघांनीही ठळक कोरून घेतलं. असा माणूस गावात आला आणि त्याच्या गाठोड्यात काचेचा एक मणीही नव्हता, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.

मधली सतराशे-अठराशे वर्षं आपण बांगडीवर काढली. काचेशी मराठी माणसाचं खरं नातं ते बांगडीचंच. म्हणून तर बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. आमच्याकडे हा नियम सर्व नगांना लागू आहे. मी बँकेतून आलो आणि सौभाग्यवती नेहमीपेक्षा मऊ आवाजात "अहो, तो निळा पेला वाढवला हं," म्हणाल्या की मी काय ते समजतो आणि खाते बंद करतो.

मग आली हंड्या-झुंबरं. वाड्यांत, देवळांत, गणपतीच्या मखरापुढे बेल्जमची आणि बोहेमियाची काच लोंबू लागली. हे रंग येतात कुठून, हे कळलं तेव्हा मात्र मी बँकेत दोन दिवस चुकीच्या माणसांशी बोलत होतो. निळा रंग कोबाल्टचा. बाटलीचा साधा हिरवा रंग म्हणजे वाळूतल्या लोखंडाची कृपा. तो घालवायला मँगनीज टाकत, म्हणून त्याला काचवाल्यांचा साबण म्हणायचे. पण हा साबण वर्षानुवर्षं उन्हात राहिला की स्वतःच जांभळा होतो. आमची बरणी अशीच म्हातारपणी रंगात आली आहे. आणि सगळ्यांत भारी लाल रंग सोन्याचा! सतराव्या शतकात जर्मनीत योहान कुंकेल नावाच्या रसायनज्ञाने सोनं विरघळवून माणकासारखी काच केली. (आडनाव कुंकेल आणि काच कुंकवासारखी, हा योगायोगच.) हे मी आमच्या शाखेत सोनेतारणाचे दागिने तपासायला येणाऱ्या सराफांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वितळवलं तर किती निघेल?" मी म्हटलं, चिमूटभरसुद्धा नाही. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

पिवळट हिरव्या फुलपात्राची गंमत निराळी. एकोणिसाव्या शतकात बोहेमियात काचेत चिमूटभर युरेनियम घालत. होय, तेच! अशी काच अतिनील दिव्याखाली हिरवीगार चमकते. आता असा दिवा कारकुनाला कुठे मिळायचा? कॅश काउंटरवर! खोट्या नोटा ओळखायचं ते यंत्र. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी फुलपात्र त्याच्याखाली धरलं आणि काउंटरवर काजवा बसावा तसा उजेड पडला. शिपाई "आयला!" म्हणाला, मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनीही दोनदा धरून पाहिलं आणि मग शिस्तीची आठवण झाल्याने आत गेले. या काचेला रीडेल नावाच्या काचवाल्या घराण्यात घरच्या ॲनाचं नाव दिलं होतं, हे मी रात्री जेवताना सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा! तुम्ही माझं नाव कशाला दिलंत?"

मी म्हटलं, "नॉमिनेशनला."

ताटात आमटी जरा उशिराच आली.

आपल्या माणसांनी काच केली त्याची कथा मला या सगळ्याहून प्रिय आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायचा ध्यास घेतला. टिळकांनी त्यांच्या पैसाफंडाला पाठबळ दिलं आणि 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. जपानमध्ये शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायला होते. पैशा-पैशाची वर्गणी! वसुलीचा अनुभव असलेला माणूस म्हणून सांगतो, लाखाचं कर्ज वसूल करणं सोपं, पैसा मागायला दारात उभं राहणं कठीण. पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, त्यांच्या प्रभाकर कंदिलाने गोठ्यापासून गुऱ्हाळापर्यंत उजेड पाडला, आणि गावालाच ओगलेवाडी नाव पडलं. माझ्याकडे कंदिलाची एक काच आहे. तिला रंग नाही, तरी ती वरच्या फळीवर आहे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जुन्या वस्तू जमवून अख्खं संग्रहालय उभं केलं आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली, हा दाखला मी घरी एकदाच दिला. "त्यांना वाडा होता," असं उत्तर आलं.

एकशे सातावा नग मात्र माझा नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या आंबेगावाने नाव दिलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुका राहिला, गाव गेलं. तिकडच्या एक आजी पेन्शनच्या खात्याला अंगठा द्यायला शाखेत येतात. एकदा त्यांनी पदराखालून धडुत्यात गुंडाळलेली लाल हंडी काउंटरवर ठेवली.

"सायेब, तुमी काच घेता म्हनं."

मी किंमत विचारली.

"इकायची न्हाई. पानी आलं तव्हा घरातनं एवढीच काढली. आता नव्या घराला पत्रा हाय, टांगाया आढं न्हाई. पोरं खेळत्यात, फोडत्याल. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मी बघाया यीन."

अनामत ठेव, बिनव्याजी, मुदत नाही. पावती मागितली नाही, मी दिली. त्या दिवशी एस.टी.त मी जुन्नरपर्यंत ती मांडीवर घेऊन उभा होतो. म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत पोटाशी, मग मांडीवर. कंडक्टर तिकीट देताना "लहान मूल आहे का?" म्हणाला.

खिडकीपाशी तुळई नव्हती. सौभाग्यवतींनीच सुतार बोलावला आणि कडी मारून घेतली. आजी कार्तिकात आल्या. मी आत विजेचा बल्ब सोडला होता, तो त्यांनी काढायला लावला. हंडीतल्या पेल्यात अर्धं पाणी, वर तेल, त्यावर वात, असं स्वतः करून त्यांनी ती लावली आणि मधला दिवा मालवायला सांगितलं. खोली लाल झाली. त्या बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वसरीला बी आसंच पडायचं."

सौभाग्यवतींनी चहा आणला. फळीवरच्या दोन जुन्या निळ्या पेल्यांत. त्या पेल्यांना हात लावायची घरात कुणालाही परवानगी नाही, पण मी काही बोललो नाही.

"गरम हाय, पेला तडकंल," आजी म्हणाल्या.

"तडकू द्या," सौभाग्यवती म्हणाल्या, "यांच्याकडे अजून पुष्कळ आहेत."